टॅली आणि वजन : दोन शेजाऱ्यांच्या ताकदीचा हिशोब

(वस्तीतल्या वाचनालयात जमलेल्या पोरापोरींपुढे केलेलं भाषण. जसं बोललो तसंच जवळजवळ छापायला दिलंय.)



विषय तुम्हीच दिलाय. भारत आणि पाकिस्तान, लष्करी ताकदीत कोण भारी? मे २०२५ मधल्या त्या चार दिवसांपासून हा प्रश्न नाक्यावर, लोकलमध्ये, कँटीनमध्ये चघळला जातोय. ज्याला रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करून मिळत नाही तोसुद्धा क्षेपणास्त्राचा पल्ला तोंडपाठ सांगतो. मॅचचा स्कोअर सांगावा तसा. मी त्याला हसत नाही. स्वतःच्या हातात काही नसलं की माणूस दुसऱ्याच्या हातातल्या हत्यारावर छाती फुगवतो. पण फुगवायचीच तर हिशोब बघून फुगवा.

मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. संरक्षणतज्ज्ञ नाही. पण धक्क्यावर एक गोष्ट रोज शिकतो. टॅली क्लार्क पेट्या मोजतो. मार्का बघतो, वहीत रेघ मारतो. त्याच्या वहीत शंभर पेट्या म्हणजे शंभर पेट्या. त्यातली कुठली ठासून भरलेली, कुठली पोकळ, हे वहीला कळत नाही. ते उचलणाऱ्या खांद्याला कळतं. टीव्हीवरचे सगळे तज्ज्ञ टॅली क्लार्क आहेत. म्हणून आधी टॅली करू, मग वजन करू.

टॅली अशी. भारताच्या तिन्ही दलांत मिळून साडेचौदा लाखांच्या आसपास माणूस. पाकिस्तानकडे साडेसहा लाखांच्या आसपास. रणगाडे भारताकडे सुमारे ३७००, त्यांच्याकडे सुमारे २५००. लढाऊ विमानं आपल्याकडे सातशेच्या वर, त्यांच्याकडे साडेचारशेच्या आसपास. विमानवाहू नौका भारताकडे दोन, ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’. पाकिस्तानकडे एकही नाही. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेचा आकडा घेतला तर २०२४ साली भारताने लष्करावर ८६०० कोटी डॉलर उडवले, पाकिस्तानने १०२० कोटी. म्हणजे आठपटीच्या वर. झालं? टाळ्या वाजवून घरी जायचं?

थांबा. आता एकेक पेटी उघडू.

पहिली पेटी. भारताचे साडेचौदा लाख काय सगळे पाकिस्तानकडे तोंड करून उभे आहेत? नाहीत. उत्तरेला चीन बसलाय. जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान मेले, तेव्हापासून हजारो माणसं लडाखच्या थंडीत उभी केली गेली. भारताला दोन तोंडांनी लढायची तयारी ठेवावी लागते. त्यामुळे ती आठपट पश्चिमेच्या सरहद्दीवर पोचेपर्यंत आठपट राहत नाही. पाकिस्तानचंही तेच. त्यांचं सैन्य बलुचिस्तानात आणि अफगाण सरहद्दीवर अडकलेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर अफगाणिस्तानशी त्यांची उघड चकमक झाली. दोघांच्या पाठीत दुसरा कुणीतरी आहे.

दुसरी पेटी, विमानं. भारतीय हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन ४२. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा उरल्या २९. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातल्या तळांवर क्षेपणास्त्रं टाकली, ती लागली. पण आपलीही काही विमानं पडली. हे पुढे खुद्द संरक्षण दलप्रमुखांनी सिंगापूरला मान्य केलं, आकडा न देता. पाकिस्तानकडे चीनची जे-१० सी विमानं आणि लांब पल्ल्याची चिनी क्षेपणास्त्रं होती. वहीतल्या साडेचारशेपेक्षा ती मूठभर विमानं जड पडली. आकडा कमी असलेल्याकडेही हलकी पेटी नसते, हे लक्षात ठेवा.

तिसरी पेटी दारूगोळ्याची. ही माझ्या धंद्यातली. तोफ कितीही लांबची असो, गोळा संपला की ती लोखंडाचा नळ. कॅगचा २०१७ चा अहवाल काढून बघा. भारतीय सैन्याच्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यापैकी ६१ प्रकारांचा साठा सप्टेंबर २०१६ मध्ये दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. त्यानंतर खरेदी झाली, साठा वाढला, असं सरकार सांगतं. पण त्याआधी वर्षानुवर्षं आपण कशावर छाती फुगवत होतो?

आणि दारूगोळा म्हटलं की गोदीतला माणूस १४ एप्रिल १९४४ विसरत नाही. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची बोट व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलेली. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी. आग लागली, बोट फुटली. शेकडो माणसं गेली. ६६ बंबवाले गेले. गोळा झाडणारा शत्रू कुणी नव्हताच. हत्याराला शत्रू लागतोच असं नाही. ते ज्याच्या शेजारी असतं त्याला आधी खातं.

चौथी पेटी समुद्राची. इथे मात्र भारताचं पारडं सरळसरळ खाली जातं. पाकिस्तानचा जवळजवळ सगळा दर्यावरचा व्यापार कराची आणि शेजारचं पोर्ट कासीम इथून चालतो. ग्वादर आहे, पण त्यांचं पोट कराचीवरच. डिसेंबर १९७१ मध्ये भारताच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर दोनदा हल्ला केला. ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली, केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. पण त्याच आठवड्यात, ९ डिसेंबरला, दीवजवळ त्यांच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. शिवाय समुद्राची ताकद हळू चालते. बंदर कोंडून देश उपाशी पाडायला महिने लागतात. अलीकडची लढाई चार दिवसांत संपते. तेव्हा ही जड पेटी वखारीत पडून राहते.

पाचवी पेटी उघडली की बाकीच्या चार पेट्यांचा अर्थच जातो. ती अणुबॉम्बची. ‘सिप्री’च्या अंदाजाने जानेवारी २०२५ मध्ये भारताकडे सुमारे १८० बॉम्ब, पाकिस्तानकडे सुमारे १७०. इथे आठपट नाही, दुप्पट नाही. इथे बरोबरी आहे. बॉम्ब आधी टाकणार नाही असं भारताने जाहीर केलंय. पाकिस्तानने तसं वचन दिलेलं नाही, कारण त्यांना माहीत आहे की रणगाड्यांच्या हिशोबात ते कमी पडतात. म्हणजे भारताचे साधे रणगाडे जितके वाढतात, तितका पाकिस्तानचा हात बॉम्बच्या बटणाकडे लवकर जातो. हे गणित नीट समजून घ्या. आपली वाढलेली ताकद आपल्याला सुरक्षित करतेच असं नाही. आणि बॉम्ब कुठे पडणार? मुंबईवर आणि कराचीवर. दोन्हीकडे बंदराला लागून कुणाच्या वस्त्या आहेत ते मी सांगायला नको.

या बॉम्बला नावं कुठून आणली बघा. १९७४ चा पोखरणचा स्फोट ओळखला जातो ‘हसरा बुद्ध’ या नावाने. १९९८ चे स्फोट सुरू झाले ११ मे रोजी, त्या दिवशी बुद्धपौर्णिमा. पाकिस्तानने त्याच महिन्यात चगाईचा डोंगर हादरवून उत्तर दिलं. ज्या बुद्धाला या देशातून हाकललं, ज्याच्याकडे बाबासाहेब आपल्याला १९५६ साली घेऊन गेले, त्याचं हसू यांना बॉम्बला चिकटवायला सापडलं. च्यायला, बाकी कुठलाच देव हसत नव्हता काय?

आता ही हत्यारं कुणाची? २०२० ते २०२४ या पाच वर्षांत पाकिस्तानने बाहेरून घेतलेल्या हत्यारांपैकी ८१ टक्के चीनची. भारताची ३६ टक्के रशियाची, ३३ टक्के फ्रान्सची, मग इस्रायल. त्या पाच वर्षांत युक्रेननंतर जगातला दोन नंबरचा खरेदीदार भारत, पाच नंबरचा पाकिस्तान. दोन शेजारी भांडतात आणि दुकानदार गल्ला मोजतो.

एक उदाहरण आपल्या दारातलं देतो. माझगाव डॉकमध्ये सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधल्या. शेवटची ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात गेली. नकाशे फ्रेंचांचे. त्याआधी त्याच फ्रेंच सरकारी कंपनीने पाकिस्तानला अगोस्टा जातीच्या तीन पाणबुड्या विकल्या होत्या. त्यांतलं बांधणीचं बरंचसं काम झालं कराचीच्या गोदीत. इथला वेल्डर आणि तिथला वेल्डर, दोघांनी एकाच सावकाराच्या कागदावर बघून एकमेकांना बुडवायची यंत्रं जोडली. दोघांनाही आपापल्या देशात देशभक्त म्हणतात. पगाराच्या दिवशी म्हणत नाहीत.

हेच खलाशी फेब्रुवारी १९४६ मध्ये एक होते. मुंबईच्या ‘तलवार’वर बंड सुरू झालं, ते कराचीच्या ‘हिंदुस्थान’पर्यंत गेलं. मुंबईचा कामगार त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरला. दीड वर्षाने फाळणी झाली आणि सैन्य, बोटी, तोफा साधारण दोनास एक अशा वाटल्या गेल्या. दारूगोळ्याचे सरकारी कारखाने सगळे भारतात राहिले. पाकिस्तानचा सैन्याचा हव्यास त्या भीतीतून जन्मला. मग त्या सैन्याने १९५८, १९७७ आणि १९९९ साली स्वतःचाच देश ताब्यात घेतला.

इथून वजन सुरू होतं.

१९४० साली बाबासाहेबांनी पाकिस्तानवर अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्यातले किती जण तो वाचतात? त्यात त्यांनी हीच तुलना केली होती, देश फुटायच्या सात वर्षं आधी. सरहद्द कुठली, महसूल कुणाकडे किती, सैन्यात कुठल्या प्रांताची आणि कुठल्या जमातीची माणसं किती, सगळं आकड्यांनिशी. त्यांचा निष्कर्ष साधा. डोंगरा-नद्यांची सरहद्द भक्कम असण्यापेक्षा सैन्य भरवशाचं असणं महत्त्वाचं. म्हणजे प्रश्न बंदुका किती हा नाही. बंदूक धरणाऱ्याला हा देश आपला वाटतो का, हा आहे.

१९७१ ने ते खरं करून दाखवलं. तेव्हाच्या पाकिस्तानात निम्म्याहून जास्त माणूस बंगाली. पण सैन्यात बंगाली दहात एकसुद्धा नव्हता. का? इंग्रजांनी शिकवलं होतं, अमुक जात लढवय्यी, तमुक भित्री. पंजाबी आणि पठाण लढवय्ये, बंगाली शेळपट. इंग्रज गेला, शिकवण ठेवली. १९७० च्या निवडणुकीत बंगाल्यांचा अवामी लीग पक्ष बहुमताने आला, त्यांना सत्ता दिली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री स्वतःच्याच नागरिकांवर सैन्य सोडलं. बंगाली पलटणी उलटल्या. खेड्याखेड्यात मुक्तिवाहिनी उभी राहिली. डिसेंबरात लढाई लागली तेव्हा पाकिस्तानी सैन्याच्या वहीत तोफा होत्या, रणगाडे होते, माणसं होती. पायाखालची जमीन मात्र त्यांची नव्हती. तेरा दिवसांत खेळ खलास. ९३ हजार जण कैद झाले. भारताचे सैनिक शौर्याने लढले, ते मी नाकारत नाही. पण पाकिस्तान ढाक्यात हरलं ते मार्चमध्येच, आपल्या माणसाला हलकं ठरवलं तेव्हा.

आता हा काटा आपल्याकडे फिरवा. ‘लढवय्यी जात’ हे खूळ आपल्याला ओळखीचं नाही काय? १८१८ ला कोरेगावला लढलेल्या महारांना १८९० च्या दशकात इंग्रजांनी भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिले. ऐकलं नाही. पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा, १९१७ ला, महारांची पलटण काढली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडली. दुसरं महायुद्ध आलं, पुन्हा आठवण झाली, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. मरायची वेळ आली की आम्ही शूर, जेवायची वेळ आली की आम्ही अस्पृश्य. त्याच रेजिमेंटमधून पुढे देशाला दोन लष्करप्रमुख मिळाले, कृष्णा राव आणि सुंदरजी.

आजही राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलात कोण असतं ठाऊक आहे? राजपूत, जाट, जाट-शीख. सैन्याने सुप्रीम कोर्टात सांगितलं की हे जातीमुळे नाही, उंची-बांधा सारखा दिसावा म्हणून. वा! जातीने नाही, उंचीने. आणि उंची मात्र तीनच जातींत!

आणि बाकीच्या पोरांसाठी काय? अग्निपथ. जून २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हाच्या अटी ऐका. साडेसतरा वर्षांचा पोरगा घ्यायचा, चार वर्षं वापरायचा, शंभरातले पंचवीस ठेवायचे, पंचाहत्तर ११.७१ लाख रुपये देऊन घरी पाठवायचे. पेन्शन नाही. गोदीत याला हंगामी कामगार म्हणतात. फरक इतकाच की आम्हाला कुणी अग्निवीर म्हणत नाही. हंगामी माणसावर उभं केलेलं सैन्य भरवशाचं की बिनभरवशाचं, हा प्रश्न बाबासाहेबांच्या काट्यावर टाकून बघा. मणिपुरात मे २०२३ नंतर पोलिसांच्याच शस्त्रागारातून हजारो बंदुका लुटल्या गेल्या आणि देशाचं सैन्य देशातल्याच दोन समाजांच्या मध्ये उभं करावं लागलं. ते वजन कुठल्या तज्ज्ञाने मांडलं?

सरहद्दीपलीकडे आपला माणूस कसा आहे? फाळणीनंतर पाकिस्तान सरकारने सफाईचं काम अत्यावश्यक सेवा ठरवलं आणि दलितांना देश सोडू देईना. कराचीचे संडास कोण साफ करणार? डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना त्याबद्दल पत्र लिहिलं. ब्राह्मण-बनिया निघून गेले तर जाऊ द्या, भंगी ठेवा. नव्या देशाला पहिली गरज झाडूची लागली. जोगेंद्रनाथ मंडल त्या देशाचे पहिले कायदेमंत्री झाले, आणि १९५० ला राजीनामा देऊन परत आले. पुढे २०१९ मध्ये पाकिस्तानी लष्कराची गटार-सफाईच्या नोकरीची जाहिरात आली, अर्ज फक्त ख्रिश्चनांनी करावेत अशी. ते ख्रिश्चन म्हणजे बहुतेक कालचे अस्पृश्यच. ओरड झाली तेव्हा अट काढली. तिकडे सिंधमध्ये कोल्ही, भिल्ल, मेघवाड जमीनदारांकडे वेठीला. त्यांतलीच कृष्णाकुमारी कोल्ही, लहानपणी घरच्यांसोबत जमीनदाराच्या खाजगी तुरुंगात राहिलेली बाई, २०१८ ला सेनेटमध्ये निवडून गेली. हे त्या देशाचं खरं बळ. रणगाड्यांच्या यादीत ते येत नाही.

शेवटी बिल. १९५१ ला मंत्रिमंडळातून बाहेर पडताना बाबासाहेबांनी सांगितलं होतं की साडेतीनशे कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, आणि ते चुकलेल्या परराष्ट्र धोरणामुळे. आता २०२५-२६ चं घ्या. संरक्षणाची तरतूद ६.८१ लाख कोटी. दिवसाला अठराशे कोटींच्या वर. आणि गटारात माणूस उतरू नये म्हणून जी ‘नमस्ते’ योजना आहे, तिला तीन वर्षांसाठी मिळून सुमारे ३५० कोटी. भागाकार करा. तीन वर्षांची गटार-कामगारांची योजना म्हणजे संरक्षण खर्चाचे साडेचार तास. २०१९ ते २०२३ या काळात गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये ३७७ माणसं गुदमरून मेली, हा सरकारने संसदेत दिलेला आकडा. ‘खुकरी’वर मेले त्यांच्या जवळजवळ दुप्पट. त्यांच्यासाठी बिगूल वाजला नाही.

पलीकडे याहून वाईट. पाकिस्तानने २०२५-२६ चं एकूण अंदाजपत्रक कापलं आणि संरक्षण २० टक्क्यांनी वाढवून २.५५ लाख कोटी पाकिस्तानी रुपये केलं. मे २०२५ मध्ये आकाशात ड्रोन फिरत असताना नाणेनिधीने त्यांना १०० कोटी डॉलरचा हप्ता मंजूर केला. कर्ज देशाच्या नावावर, फील्ड मार्शलकीचा दंडुका लष्करप्रमुखाच्या हातात.

कुणी म्हणेल, मग काय सैन्य मोडून टाकायचं? पहलगामला २६ माणसं मारली तेव्हा गप्प बसायचं? नाही. देश आहे तर त्याचं रक्षण लागतं. बाबासाहेब शेळपट सैन्य मागत नव्हते, आणि आपल्या कितीतरी बापजाद्यांनी ती वर्दी घातली. मी एवढंच म्हणतो की ताकद मोजायची तर पूर्ण मोजा. सैन्याच्या खर्चाचा जाब विचारणं हा देशद्रोह नाही. ज्याच्या घामाचा कर त्यात जातो त्याचा तो हक्क आहे. आणि आपल्या टोळीत जो मुसलमान भाऊ आकडा लावून आपल्यासोबत गोण ओढतो, त्याला पाकिस्तानच्या टॅलीत धरू नका. नाक्यावरची ही तुलना बघता बघता त्याच्या दारावर दगड होऊन पडते, हे आपण पाहिलंय. आपल्याच माणसाला परकं ठरवणाऱ्या देशाचं काय होतं ते ढाक्यात दिसलं. तेव्हा जो त्याला परका म्हणतो, तो भारताचं एक रेजिमेंट कमी करतो.

तर उत्तर. टॅलीत भारत भारी. बॉम्बच्या खोलीत दोघे सारखे. आणि वजनात? ज्या दिवशी गटारातून माणूस वर येईल, अंगरक्षकाची जात विचारली जाणार नाही, वर्दी उतरवलेल्या पोराला काम मिळेल, त्या दिवशी काट्यावर उभे राहू आणि सांगू. तोवर टीव्हीवर कुणी तोफा मोजायला लागला तर त्याला विचारा, बाबा रे, उचलणार कोण?

जय भीम.